वाळवंटातली पावले : पैठण ते किल्लारी

मागच्या दिवाळीत माझी भाची लातूरला आली, तेव्हा तिच्या सामानात एक जाड वही होती आणि त्या वहीच्या पानापानावर दगडात उमटलेल्या पावलांची रेखाचित्रे होती. ती भूशास्त्राच्या एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्राचीन वाळूच्या टेकड्यांवर उमटून पुढे दगड झालेल्या प्राण्यांच्या पाऊलखुणा हा विषय तिने प्रकल्पासाठी घेतला आहे. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. वाऱ्याकडची मंद चढण आणि आडोशाची तीव्र उतरण अशी वाळूच्या टेकडीची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल, याची गणती नाही. त्या उतरणीवरून कोणी चालत गेले असेल आणि ते चालणे कोट्यवधी वर्षे टिकले असेल, हे मात्र माझ्या मनात कधी आले नव्हते.

ती सांगत होती की अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या कड्यात कोकोनिनो नावाचा फिकट रंगाचा वालुकाश्म आहे. तो सुमारे २७ ते २८ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचा बनलेला आहे. त्यात चार पायांच्या लहानमोठ्या प्राण्यांच्या, विंचवांच्या आणि कोळ्यांच्या वाटा स्पष्ट दिसतात. पण ज्यांच्या त्या वाटा आहेत त्यांचे एकही हाड त्या दगडात आजवर सापडलेले नाही. मग वही मिटून तिने विचारले, "आत्या, आपल्याकडे असं काही का नसावं?" अ‍ॅरिझोनापर्यंत जाणे आम्हा दोघींना शक्य नव्हते, परंतु गोदावरीच्या वाळूपर्यंत जाणे शक्य होते. माघ महिन्यात चार दिवसांसाठी गाडी ठरवली, सोबत एक थापी, प्लास्टर ऑफ पॅरिसची पुडी, चुलीतली चाळलेली राख आणि माझी जुनी कंपासपेटी घेतली आणि आम्ही निघालो.

पहिला दिवस : पैठण

लातूरहून पहाटे पाचला निघून अंबाजोगाई, बीड, गेवराई या मार्गाने आम्ही अकराच्या सुमारास पैठणला पोहोचलो. धरणाच्या भिंतीवर फार वेळ घालवला नाही. १९७६ साली पूर्ण होऊन लोकार्पण झालेल्या जायकवाडीने नदीचा स्वभाव बदलला, हे आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. कारण वरची वाळू आता नाथसागराच्या तळाशी अडते आणि खालच्या पात्रात जी उरली आहे ती जुनी शिल्लक आहे.

नाथांच्या समाधीचे दर्शन घेऊन घाटावर उतरलो. येथेच मला एक गोष्ट लख्ख जाणवली, जी इतकी वर्षे भूगोल शिकवताना मी मुलांना सांगायला हवी होती. आपल्या भाषेत वाळवंट म्हणजे आधी नदीकाठची वाळू. चंद्रभागेचे वाळवंट, गोदावरीचे वाळवंट. राजस्थानचे आणि सहाराचे वाळवंट पुस्तकांतून मागाहून आले. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत पोळून रडणारे, अस्पृश्य मानलेल्या घरातले मूल नाथांनी कडेवर उचलून घेतले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. वाळवंट म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जे पहिले चित्र येते, त्यात वाळू आहे, ऊन आहे आणि वाळूवरची पावले आहेत. भाचीला मी हे म्हटले, तेव्हा ती काही वेळ गप्प राहिली आणि मग वहीच्या पहिल्या पानावरचे शीर्षक खोडून तिने तिथे ‘वाळवंटातली पावले’ असे लिहिले.

दुपारी बारा वाजता पात्रातली वाळू पाहिली आणि मी निराश झाले. इतकी माणसे, गुरे, पाखरे तिथून जातात, तरी मला सगळी वाळू सारखीच दिसत होती. भाची म्हणाली की ऊन डोक्यावर असताना खुणा दिसतच नाहीत, आपण पाच वाजता पुन्हा येऊ. आणि खरोखरच सूर्य कलला तेव्हा तीच वाळू वाचता येऊ लागली. बगळ्याची लांब बोटांची रांग, टिटवीची आखूड तीन बोटे, शेणकिड्याने ढकललेल्या गोळ्याची नागमोडी वाट आणि त्यावरून आडवी गेलेली एक शेळी. कोण आधी गेले आणि कोण नंतर, हेसुद्धा कोणती खूण कोणती मोडते यावरून कळत होते. कड्यातल्या दगडांवरही असेच होते, असे ती सांगत होती. तिकडचे अभ्यासक सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाची वाट पाहतात. ज्यांना तितका वेळ नसेल त्यांनी अंधार पडल्यावर बॅटरी जमिनीलगत आडवी धरून पाहावे. आम्ही ते करून पाहिले आणि दिवसा सुटलेल्या कितीतरी खुणा सापडल्या. छायाचित्र घेताना शेजारी पट्टी किंवा निदान एखादे नाणे ठेवावे, नाहीतर घरी आल्यावर पाऊल मांजराचे की वासराचे, याचाही अंदाज येत नाही.

रात्री ओळखीच्या एका विणकर कुटुंबाकडे मुक्काम होता. ज्वारीच्या भाकरी, मेथीची पातळ भाजी आणि खलबत्त्यात कुटलेला शेंगदाण्याचा ठेचा असे जेवण झाल्यावर भाचीने घरातल्या काकूंना वहीतली चित्रे दाखवली. काही चित्रांत पाऊल खोलगट होते आणि काहींत फुगीर. काकूंनी लगेच विचारले की हे फुगलेले पाय कोणाचे. भाचीने समजावले की पावलाच्या खळग्यात वरून वाळू भरते आणि पुढे दोन्ही थरांचा दगड होतो. थर विलग झाले की खालच्या फरशीवर खळगा दिसतो आणि वरच्या फरशीच्या पोटाला त्याचाच उंचवटा. काकू मागाकडे बोट करून म्हणाल्या, "आमच्या पैठणीला उलटी बाजू नसतीय बघा, दोन्हीकडून सारखीच. तुमच्या दगडाला मात्र हाय." उंचवटा आणि खळगा हा भेद मी दोन महिने ऐकत होते, तो मला त्या वाक्याने पक्का समजला.

त्याच रात्री तिने स्कॉटलंडची हकीकत सांगितली. डमफ्रीसशायरमधील कॉर्नकॉकल म्यूर येथील खाणीतून निघालेली पावलांची एक लाल फरशी रेव्हरंड हेन्री डंकन या धर्मोपदेशकाच्या हाती आली आणि त्यांनी १८२८ साली एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे त्या खुणांवर निबंध वाचला. अश्मीभूत पावलांचे हे पहिले शास्त्रीय वर्णन मानले जाते. गरिबांच्या पै-पैशासाठी रुथवेल गावी १८१० साली बचत बँक काढणारे डंकन ते हेच. त्यांनी ऑक्सफर्डच्या विल्यम बकलंड यांना विचारले, तेव्हा बकलंड यांनी मऊ कणकेवर, ओल्या वाळूवर आणि चिखलावर जिवंत कासवे चालवून खुणा ताडून पाहिल्या. कणकेवर कासव चालवणारा प्राध्यापक हे चित्र मला फार आवडले, कारण त्यात उत्तर शोधण्याची खरी कळकळ आहे. आपणही काही चालवून पाहू, असे मी त्याच क्षणी ठरवले.

दुसरा दिवस : गोदाकाठाने गंगाखेड

सकाळी निघून शहागड, गेवराई, माजलगाव, पाथरी असे नदीला धरून चाललो. वाटेत एका गावी मोठा वाळूचा पट्टा असल्याचे आम्हाला कळले होते आणि आमचा प्रयोग तिथेच करायचा होता. प्रत्यक्षात तिथे दोन पुरुष खोल खड्डे, त्यांत साचलेले हिरवे पाणी आणि टिपरच्या चाकांनी कापलेला काठ एवढेच उरले होते. ज्या ठिकाणी थरावर थर बसून शेकडो पुरांची नोंद राहिली असेल, ती नोंद बांधकामासाठी भरून गेली. तिथल्या एका शेतकरीदादांनी सांगितले की खड्ड्याच्या कडा आतून पोखरलेल्या असतात आणि अंगाखालून ढासळतात, म्हणून गुरेही तिकडे सोडत नाहीत. वाळूच्या खड्ड्याजवळ कोणीही जाऊ नये, मुलांना तर मुळीच नेऊ नये. मला त्या काठावर उभे राहून जे वाईट वाटले ते शब्दांत नीट मांडता येणार नाही.

बंधाऱ्यांमुळे माघातही पात्राचा बराच भाग पाण्याखाली असतो, म्हणून उघडी वाळू मिळेपर्यंत चार वाजले. संत जनाबाईंच्या गंगाखेडच्या अलीकडे एका वळणावर आतल्या अंगाला सुमारे शंभर पावले लांबीचा कोरडा पट्टा सापडला. शेजारी टरबुजांची लागवड होती, खळग्याखळग्यांत शेणखत घालून कोवळे वेल लावलेले होते आणि त्यांची राखण करणारे एक आजोबा खोपीसमोर बसले होते. आम्हाला थापी घेऊन वाळू उकरताना पाहून ते उठून आले. "काय हुडकायलाव बाई? सोनं हाय का हितं?" पावले शोधतो आहोत, असे सांगितल्यावर त्यांना मुळीच नवल वाटले नाही. "मग लवकर या पहाटं. आत्ता काय दिसतंय," असे म्हणून त्यांनी आम्हाला चहा दिला.

प्रयोग असा होता. कोरडी वाळू वरून हळूहळू ओतत गेले की तिचा ढीग एका ठराविक कोनात स्थिरावतो आणि त्याहून उभी वाळू थांबत नाही, घसरते. कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला बांधलेला वायसर यांनी मोजले तेव्हा आमचा उतार साधारण ३३ अंशांचा भरला. वाऱ्याने रचलेल्या टेकडीची आडोशाची बाजूही तीस ते चौतीस अंशांच्या दरम्यान असते, हे मी शिकवत आले होते. स्वतःच्या हाताने ओतलेल्या वाळूत तो आकडा उतरलेला पाहताना मात्र वेगळाच आनंद झाला. ढीग रचताना आम्ही प्रत्येक बोटभर वाळूवर राखेचा पातळ थर शिंपडत गेलो, म्हणजे आतले थर पुढे डोळ्यांना दिसावेत. मग जवळच शेळ्या चारणाऱ्या एका मुलाला विनंती केली. त्याने एक पाट शेळी ढिगावर चढवली आणि पलीकडे दुसरी वरून खाली उतरवली.

चढणाऱ्या शेळीची पावले एकेक वेगळी उमटली. प्रत्येक खुराच्या मागे, उताराच्या बाजूला, ढकललेल्या वाळूची चंद्रकोर उभी राहिली. उतरणाऱ्या शेळीचे एकही पाऊल धड उरले नाही, कारण खूर टेकताच वरची वाळू ओघळून त्यात भरली आणि मागे फक्त चार घसरण्या राहिल्या. भाची आनंदाने ओरडलीच. कोकोनिनोतल्या बहुतेक वाटा चढणीच्या आहेत, हे कोडे जुने आहे. सगळे प्राणी टेकडी चढूनच गेले आणि उतरले कोणीच नाही, असे कसे होईल? ग्रँड कॅन्यनमध्ये निसर्गअभ्यासक म्हणून काम केलेल्या एडविन मॅकी यांनी १९४० च्या दशकात वाळूच्या उतारावर सरडे चालवून याच गोष्टीचा उलगडा शोधला होता. उतरणारेही उतरले, पण त्यांच्या खुणा ओळखण्याजोग्या राहिल्या नाहीत. दगडातल्या पावलांमागेही तशीच चंद्रकोर असते, आणि प्राणी कोणत्या दिशेला चढत होता हे तिच्यावरून सांगता येते.

हे करताना अंधार पडला. काही पावलांवर आम्ही पाण्याचा हलका फवारा मारला, काहींवर राख आणि वाळूचा आणखी एक थर अलगद चाळला आणि उरलेली तशीच ठेवली. आजोबांच्या खोपीपुढे शेवटच्या हरभऱ्याचा हुळा भाजला होता. काळवंडलेले घाटे सोलून खाताना हात आणि ओठ काळे झाले आणि मग आम्ही गंगाखेडला मुक्कामाला गेलो. नदीत उतरण्याआधी वरच्या बंधाऱ्यातून पाणी सुटणार आहे का, हे गावात अवश्य विचारावे. कोरड्या पात्रात पाणी कोणतीही सूचना न देता चढते.

तिसरा दिवस : पहाट, आणि मांजरेचा काठ

पहाटे सहाला आम्ही पोहोचलो तेव्हा आजोबा आमच्या ढिगाजवळच उभे होते. रात्री चांगले दहिवर पडले होते. वाळूच्या पृष्ठभागावर नखाएवढी खपली धरली होती आणि त्या खपलीवरून, आम्ही बोलावलेले नसताना, कोणीतरी आमचा ढीग चढून गेले होते. खालून वर सरळ एका ओळीत चौदा पावले होती. प्रत्येकाला चार बोटे, नखांची टोके आणि मागे ती चंद्रकोर.

आजोबा म्हणाले, "कोल्हा हाय. कुत्रं असतं तर पाय फाकवून चाललं असतं. ह्यो पुढच्या पायावर मागचा पाय ठिवतोय, म्हून दोराच वढल्यावाणी दिसतंय. आन् ह्यो पहाटंचा हाय." पहाटेचा कशावरून, असे मी विचारले. ते वाकून काठीने दाखवू लागले. खपली आधी धरली होती आणि पायाने ती मोडली, म्हणजे दहिवर पडून गेल्यावरचा. दहिवराआधीचा असता तर पावलाच्या आतही तीच खपली असती. टरबुजे राखता राखता आयुष्य गेलेल्या त्या माणसाकडून आम्ही तासभर शिकलो. ते सांगत होते आणि भाची वहीत उतरवून घेत होती. ओलावा, खपली आणि मोडलेली कड यांवरून काळ ठरवायची जी पद्धत तिने शोधनिबंधांतून जुळवली होती, ती त्यांच्या बोलण्यात सहज येत होती.

मग थापीने ढीग उभा कापला. हा या प्रवासातला मला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. कापलेल्या भिंतीत राखेच्या करड्या रेघा एकाखाली एक समांतर जात होत्या आणि शेळीचा खूर जिथे पडला होता तिथे त्या सगळ्या खाली वाकल्या होत्या. वरची सर्वांत जास्त, तिच्याखालची थोडी कमी, पाचवी जेमतेम. म्हणजे पाऊल फक्त वरच्या थरावर नसते. वारा वरचा थर उडवून नेईल तरी खालच्या थरांत त्याची सावली राहते. दक्षिण आफ्रिकेच्या केप किनाऱ्यावर, जुन्या टेकड्यांचा दगड समुद्राने कापलेल्या कड्यांत, हत्तींची पावले अशीच बाजूने दिसतात, थरांना पडलेल्या खोल वाकासारखी. त्या किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. पावसाच्या पाण्यात त्यातला चुना विरघळतो, पुन्हा कणांच्या मधे बसतो आणि काही हजार वर्षांत टेकडीचा दगड होतो. दक्षिण आफ्रिकेतल्याच लांगेबान गावाजवळ भूशास्त्रज्ञ डेव्हिड रॉबर्ट्स यांना १९९५ साली माणसाची पावले सापडली, तीही अशाच दगडात आणि सुमारे १ लाख १७ हजार वर्षांपूर्वीची.

तिथे जे जुळून आले त्याची यादी आता आमच्या हातांनी झाली होती. बारीक आणि सारख्या दाण्याची वाळू हवी, पाऊल धरून ठेवण्यापुरता ओलावा हवा, मग कोणीही न विसकटता वरून हळुवार पडणारा दुसरा थर हवा आणि शेवटी कणांना सांधणारा चुना किंवा सिलिका. फवारा मारलेली आमची पावले सकाळीही कडा धरून होती. कोरडी ठेवलेली बहुतेक वाऱ्याने बुजली होती आणि चाळून झाकलेली सर्वांत छान टिकली होती.

कोल्ह्याच्या एका पावलात प्लास्टर ओतून ठसा घेतला. पाणी जास्त झाले तर प्लास्टर पावलाची कड मोडते, म्हणून ते साईच्या दह्याइतके दाट असावे, उंचावरून ओतू नये आणि अर्धा तास मुळीच हलवू नये. गंगाखेडला परत येऊन सुशीला खाल्ली. भिजवलेल्या मुरमुऱ्यांवर हिरवी मिरची, शेंगदाणे आणि वरून लिंबू. पहाटेपासून उपाशी असलेल्या आम्हा दोघींना ती अमृतासारखी लागली.

परळी, अंबाजोगाई करीत दुपारी मांजरेच्या खोऱ्यात उतरलो. लातूर जिल्ह्यातील हारवाडी परिसरात नदीच्या जुन्या गाळातून हत्ती, रानगुरे अशा प्राण्यांची अश्मीभूत हाडे मिळाली आहेत आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यांवर काम केले आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या नदीकाठी कधीकाळी हत्तींचे कळप पाणी पीत होते. शाळेत असताना हे कोणी सांगितले असते, तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता. काठाच्या उभ्या कापात खाली चुन्याने घट्ट बांधलेली वाळू-गोट्यांची भर आणि वर पिवळसर तांबूस गाळ दिसतो. आम्ही फक्त पाहिले. असा कोणताही तुकडा दिसला तर तो जागचा हलवू नये, छायाचित्र आणि ठिकाण नोंदवून जाणकारांना कळवावे; कारण कोणत्या थरातून निघाला हे हरवले की त्याची अर्धी किंमत गेली.

येथे भाची जे म्हणाली ते मला अजून सोडत नाही. हाड वाहून येते. हत्ती वर कुठेतरी मेला, पुराने त्याचा दात दहा कोस खाली आणला, तरी तो दात हत्तीचाच. पाऊल मात्र वाहून येत नाही. ते जिथे आहे तिथेच तो प्राणी जिवंत उभा होता, चालत होता, चढण लागल्यावर जोर देत होता. कोकोनिनोत पावले आहेत, हाडे नाहीत. आमच्या मांजरेला हाडे आहेत, पण पावले दिसत नाहीत. गाळात ती उमटली नसतील असे नाही, पण पुराचे पाणी वाऱ्यासारखे हलक्या हाताने झाकत नाही.

चौथा दिवस : किल्लारी

‘आपल्याकडे का नाही’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर लातूरच्या कोणत्याही विहिरीच्या भिंतीत दिसते. आपण ज्यावर राहतो तो काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाचे थर. टेकड्यांचे वालुकाश्म असतील तर त्यांच्या खाली असतील. आणि खाली काय आहे, हे मराठवाड्याला एका ठिकाणी नेमके ठाऊक आहे.

औशावरून किल्लारीला गेलो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मी विसरू शकत नाही. आदल्या रात्री विसर्जनाच्या मिरवणुकी होऊन लोक नुकतेच झोपले होते आणि चारला काही मिनिटे कमी असताना जमीन हलली. सुमारे दहा हजार माणसे गेली. जुन्या गावठाणात आणि स्मृतिस्थळापाशी आम्ही शांतपणे उभे राहिलो. तिथे जाणाऱ्यांनी ते प्रेक्षणीय स्थळ समजून जाऊ नये, आवाज करू नये आणि ज्यांची घरे तिथे होती ते भेटले तर ते बोलतील तेवढेच ऐकावे.

भूकंपानंतर त्याचे कारण शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. त्यात ३३८ मीटरपर्यंत बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, लागला आणि त्याखाली फार प्राचीन मूळ खडक. या दोहोंच्या मधे आठ मीटरचा गाळाचा थर निघाला. लाव्हा येण्याआधी इथे जी जमीन होती, जिच्यावर पाऊस पडत होता आणि प्रवाह वाहत होते, तिचे हे आठ मीटर. मी भाचीला विचारले की यात पावले असू शकतील का. ती म्हणाली की छिद्रातून निघणारा नळकांड्याएवढा तुकडा पाहून ते सांगता येत नाही, आणि तो थर टेकड्यांचा आहे असे समजायला आधारही नाही. मग तिने ब्राझीलचे सांगितले.

ब्राझीलच्या दक्षिण भागात बोतुकातू नावाचे प्राचीन वाळवंट होते. सुमारे साडेतेरा कोटी वर्षांपूर्वी त्याच्यावर आपल्या दख्खनसारखाच लाव्हा पसरला आणि टेकड्या तशाच्या तशा खाली झाकल्या गेल्या. त्या वालुकाश्माच्या फरशा अराराक्वारा शहराच्या पदपथांना लावलेल्या आहेत आणि जुझेप्पे लिओनार्दी या इटालियन धर्मगुरू-संशोधकांना १९७६ पासून त्या पदपथांवरच डायनोसॉरांची आणि लहान सस्तन प्राण्यांची पावले सापडत गेली. लोक वर्षानुवर्षे त्या पावलांवरून बाजाराला जात होते. किल्लारीच्या उन्हात हे ऐकताना पायाखालचे ३३८ मीटर मला प्रथमच कुलूप लावलेल्या कोठीसारखे वाटले. तिथे काय आहे ते कदाचित कधीच कळणार नाही, पण खाली काहीच नाही, असे मी आता वर्गात सांगणार नाही.

परतताना औशाला रस्त्याकडेच्या गाड्यावर निलंगा राईस खाल्ला. गरम, पिवळाधमक, सोबत तळलेली मिरची. भाचीने ताटलीच्या कडेला चमच्याने भाताचा उतार केला आणि त्यावर बोटे टेकवून पाहिली.

घरी आल्यावर

कोल्ह्याच्या पावलाचा ठसा आता माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे, उंचवट्याची बाजू वर. सकाळी खिडकीतून तिरपे ऊन येते तेव्हा चारही बोटे दिसतात, अकरानंतर दिसत नाहीत.

नऊ दिवसांनी आजोबांच्या नातवाने फोन लावून दिला. वरून पाणी सोडले होते. "तुमचा ढीग बुडाला बाई, पट्टा समदा पाण्याखाली गेला," आजोबा सांगत होते. टरबुजांचे काय झाले, असे मी घाईने विचारले. वेल उंचावर असल्यामुळे वाचले होते. भाची तेव्हा माझ्याकडेच होती. तिने फोन मागून घेतला आणि एकच विचारले, "आजोबा, पाणी जोरात आलं की हळू?"

"हळूच चढलं, पोरी. रातभर चढत व्हतं."

तिने वहीत तारीख घातली आणि त्यापुढे तेवढेच लिहून ठेवले.